पडदा बिघडला, सर्व्हर नाही: दूरच्या शेलवर स्क्रीन विस्कटली तर किती वेळ, किती पैसे?

आधी खर्चाचे बोलू. दूरच्या सर्व्हरवर एसएसएचने काम करताना भलतीच चिन्हे उमटू लागली, टाइप केलेले दिसेनासे झाले, ओळी जिन्यासारख्या तिरक्या उतरू लागल्या किंवा मराठी नावांच्या जागी प्रश्नचिन्हे आली, तर दुरुस्तीचा खर्च शून्य रुपये. वेळ बहुतेकदा एक मिनिट, फार तर पंधरा. त्यासाठी नवे सॉफ्टवेअर लागत नाही, सर्व्हर रीस्टार्ट करावा लागत नाही, कुणाला पासवर्ड द्यावा लागत नाही. या तिन्हींपैकी काहीही कुणी सुचवले, तर आधी हा लेख संपवा.

या तक्रारींत बिघडतो तो पडदा. सर्व्हरवरची वेबसाइट, डेटाबेस, फायली जागच्या जागी असतात. नुकसान होते ते घाबरून केलेल्या उपायांनी.

आज्ञा कशा वाचाल?

आज्ञा इथे फोनवर एकमेकांना सांगतात तशा, उच्चाराप्रमाणे दिल्या आहेत. टाइप करताना इंग्रजी छोटी अक्षरे आणि इंग्रजी अंक वापरा. मोठी अक्षरे हवीत तिथे तसे सांगितले आहे. 'वजा' म्हणजे आडवी रेघ. तिच्या आधी जागा सोडायची, नंतर नाही. 'एसटीटीवाय' म्हणजे ही चार इंग्रजी अक्षरे सलग. प्रत्येक आज्ञेनंतर एंटर.

हाताशी काय ठेवाल?

पाच गोष्टी एका वहीत किंवा फाइलमध्ये लिहून ठेवा. एक: सर्व्हरचा पत्ता, तुमचे युजरनेम, पोर्ट (कुणी बदलला नसेल तर २२). दोन: की-फाइल कुठे ठेवली आहे ती जागा, आणि तिची दुसरी प्रत. तीन: होस्टिंग पुरवठादाराच्या पॅनेलचे लॉगिन, आणि ओटीपी ज्या फोनवर येतो तो फोन. बहुतेक पॅनेलमध्ये ब्राउझरमधून उघडणारा कन्सोल असतो. एसएसएच लागत नसेल तेव्हा तोच कामी येतो. चार: तुम्ही वापरता त्या टर्मिनल ॲपचे नाव आणि आवृत्ती. पाच: सगळे सुरळीत असतानाची तीन उत्तरे. त्यासाठी 'एको डॉलर टर्म' (डॉलरचे चिन्ह, त्याला चिकटून टर्म मोठ्या अक्षरांत), 'लोकेल' आणि 'एसटीटीवाय वजा ए' या तीन आज्ञा आजच चालवा आणि जे दिसेल ते जपून ठेवा. एक मिनिट लागेल. बिघाड झाल्यावर आधी काय होते आणि आता काय आहे, हे ताडून पाहण्याचा दुसरा स्वस्त मार्ग नाही.

बिघाड कुणाकडे? तीस सेकंदांची तपासणी

बिघडलेली खिडकी बंद करू नका. शेजारी दुसरी उघडा आणि त्याच सर्व्हरवर लॉगिन करा.

दुसरी खिडकी नीट दिसते? मग दोष फक्त पहिल्या खिडकीच्या स्थितीत आहे. पुढचा 'पहिले मिनिट' हा भाग पुरेल. दोन्ही बिघडलेल्या? मग त्याच ॲपमधून वेगळ्या सर्व्हरवर जाऊन पाहा. तिथे नीट दिसले तर दोष पहिल्या सर्व्हरवरच्या तुमच्या खात्याच्या सेटिंगमध्ये, तिथेही बिघडले तर तुमच्या ॲपमध्ये. दुसरी खिडकी जोडलीच गेली नाही, तर अडचण नेटवर्कची किंवा सर्व्हरची आहे. पॅनेलमधला कन्सोल उघडा. पडद्याच्या उपायांत वेळ घालवू नका.

पहिले मिनिट: चार पायऱ्या, याच क्रमाने

पहिली: कंट्रोल आणि क्यू. कीबोर्ड मेल्यासारखा वाटत असेल तर सर्वांत आधी हेच. फाइल सेव्ह करायच्या सवयीने कंट्रोल-एस दाबले जाते आणि टर्मिनल छापणे थांबवते. कंट्रोल-क्यूने ते पुन्हा सुरू होते. हा त्रास वारंवार होत असेल तर घरच्या फोल्डरमधल्या डॉट बॅशआरसी फाइलमध्ये 'एसटीटीवाय वजा इक्सॉन' ही ओळ टाका. इक्सॉन म्हणजे आय, एक्स, ओ, एन.

दुसरी: कंट्रोल आणि एल. व्हिम, लेस, एचटॉप असे पूर्ण पडदा व्यापणारे काही उघडे असेल आणि मध्येच सर्व्हरचा एखादा संदेश येऊन चित्र विस्कटले असेल, तर याने पडदा पुन्हा रंगवला जातो.

तिसरी: 'एसटीटीवाय सेन'. सेन म्हणजे शहाणा, ताळ्यावरचा. एस, ए, एन, ई. टाइप केलेले दिसत नसले तरी न घाबरता टाइप करा. एंटर चालत नसेल तर आज्ञेच्या आधी एकदा आणि नंतर एकदा कंट्रोल-जे दाबा.

चौथी: 'रीसेट'. लागल्यास इथेही पुढेमागे कंट्रोल-जे. पुट्टी वापरत असाल तर खिडकीच्या शीर्षपट्टीवर राइट क्लिक करून 'रीसेट टर्मिनल' निवडा. मॅकच्या टर्मिनलमध्ये 'शेल' मेन्यूत 'रीसेट' आहे.

एक खबरदारी. रीसेटने काही ॲपमध्ये वर सरकवून दिसणारा जुना मजकूर पुसला जातो. एरर संदेश हवा असेल तर आधी त्याचा फोटो काढा. आणि 'क्लिअर'वर विसंबू नका: ती पाटी पुसते, पण बिघडलेली अवस्था तशीच ठेवते.

दुसरी खबरदारी अधिक महत्त्वाची. डेटाबेसची आयात, सिस्टिम अपग्रेड किंवा मोठी कॉपी चालू असताना पडदा बिघडला, तर कंट्रोल-सी दाबू नका. पडदा सुधारणार नाही, काम मात्र अर्धवट तुटेल. दुसऱ्या खिडकीतून 'टॉप' लावून काम चालू आहे का ते पाहा आणि संपेपर्यंत थांबा.

तक्रार ओळखा, उपाय घ्या

*अक्षरांच्या जागी रेघा आणि चौकटी.* तुम्ही 'कॅट' आज्ञेने एखादा फोटो, झिप किंवा प्रोग्रामची फाइल पडद्यावर ओतली असणार. त्यातला १४ क्रमांकाचा एक बाइट टर्मिनलला चौकटी काढायच्या अक्षरसंचावर नेऊन ठेवतो. उपाय: रीसेट. पुढच्या वेळी आधी 'फाइल' ही आज्ञा देऊन प्रकार पाहा, किंवा 'लेस' वापरा. मजकूर नसलेली फाइल असेल तर ती उघडण्याआधी विचारते.

*टाइप केलेले दिसत नाही, पण आज्ञा चालते.* पासवर्ड विचारणारा एखादा प्रोग्राम मध्येच मेला आणि अक्षरे लपवणे चालू राहिले. उपाय: 'एसटीटीवाय सेन'. मात्र पासवर्ड विचारला जात असताना काहीच न दिसणे, ताराही न उमटणे, ही लिनक्सची नेहमीची रीत आहे. तो बिघाड समजून पासवर्ड तीन-तीनदा टाइप करू नका.

*ओळी जिन्यासारख्या उतरतात.* इथेही एखादा प्रोग्राम मध्येच मेला. उपाय तोच: 'एसटीटीवाय सेन'.

*बॅकस्पेसने खोडले जात नाही, टोपीचे चिन्ह उमटते.* बॅकस्पेससाठी दोन संकेत प्रचलित आहेत, क्रमांक १२७ आणि क्रमांक ८. तुमचे ॲप एक पाठवते, सर्व्हर दुसऱ्याची वाट पाहतो. 'एसटीटीवाय इरेज' लिहा, एक जागा सोडा, कंट्रोल-व्ही दाबा, मग बॅकस्पेस दाबा, मग एंटर. कायमचा उपाय पुट्टीत: 'टर्मिनल', 'कीबोर्ड', तिथे बॅकस्पेसचा पर्याय बदला.

*बाणाची कळ दाबली की टोपी आणि कंस उमटतात.* तुम्ही बॅशमध्ये नाही, साध्या शेलमध्ये आहात. डेबियन-उबुंटूवर 'युजरॲड'ने नुसते खाते उघडले की बहुधा असेच होते. तात्पुरते 'बॅश' टाइप करा. कायमचे हवे असेल तर 'सीएचएसएच वजा एस', मग जागा सोडून बॅशचा पूर्ण मार्ग: तिरकी रेघ, बिन, तिरकी रेघ, बॅश. तुमचा पासवर्ड विचारेल. बदल पुढच्या लॉगिनपासून लागू.

*व्हिममध्ये बाण दाबला की ए, बी, सी, डी उमटतात.* सर्व्हरवर व्हिमची छोटी आवृत्ती आहे. कोलनचे (विसर्गासारखे दिसणारे) चिन्ह टाकून 'सेट नोकंपॅटिबल' द्या, किंवा प्रशासकाचा हक्क असेल तर पूर्ण व्हिम बसवा. विनामूल्य आहे.

*कनेक्शन तुटले आणि आता माउस हलवला की आकडे सांडतात.* सर्व्हरवरच्या प्रोग्रामने माउसच्या खबरा मागितल्या होत्या. थांबा म्हणायच्या आत तो गेला. रीसेट करा, पण आता तुम्ही स्वतःच्या मशीनवर आहात हे लक्षात ठेवून. विंडोजच्या पॉवरशेलमध्ये रीसेट ही आज्ञा नाही. तो टॅब बंद करून नवा उघडा. कनेक्शन आधीच तुटले आहे, गमवायचे काही उरलेले नाही. पेस्ट केल्यावर २०० आणि २०१ हे आकडे मजकुराला चिकटून येत असतील, तर तिथेही रीसेट.

*लांब आज्ञा पुढच्या ओळीवर न जाता त्याच ओळीवर चढते.* दोन कारणे. प्रॉम्प्टला हौसेने रंग दिला असेल तर रंगाच्या प्रत्येक संकेताआधी \[ आणि नंतर \] आहे का ते पाहा. ही जोडी नसेल तर बॅश न दिसणारी अक्षरेही मोजते आणि ओळीची लांबी चुकते. प्रॉम्प्ट साधा असेल तर खिडकीचा आकार चुकला आहे. 'एसटीटीवाय साइझ' द्या. उत्तर शून्य-शून्य किंवा २४-८० आले आणि खिडकी मोठी असेल, तर खिडकी कोपऱ्याला धरून किंचित ओढा. ब्राउझरमधल्या सिरीयल कन्सोलवर ओढून उपयोग होत नाही. तिथे हाताने सांगा: 'एसटीटीवाय रोज ४० कॉल्स १२०'.

*टीमक्समध्ये अर्ध्या पडद्यावर नुसती टिंबे.* टीमक्स म्हणजे सर्व्हरवर सत्र जिवंत ठेवणारे साधन. तेच सत्र दुसऱ्या, लहान खिडकीतही उघडे आहे. बहुधा ऑफिसच्या मशीनवर तसेच राहिलेले. 'टीमक्स अटॅच वजा डी' दिले की बाकीचे सुटतात आणि पडदा पूर्ण मिळतो. जुने 'स्क्रीन' वापरत असाल तर कंट्रोल-ए, मग मोठा एफ.

*एसएसएचच्या त्याच ओळीत 'टॉप' दिले तर टर्म ठरलेले नाही असे म्हणते.* एसएसएचनंतर 'वजा टी' घाला. लॉगिन न करता एकच आज्ञा पाठवली की सर्व्हर पडदा देत नाही. या पर्यायाने तो मागता येतो. सुडो पासवर्डसाठी टर्मिनल मागत असेल, तिथेही हेच.

'हे टर्मिनल ओळखत नाही' असा संदेश आला तर

तुमचे ॲप लॉगिनच्या वेळी स्वतःचे नाव सर्व्हरला सांगते. ते टर्म या चलात बसते. सर्व्हर त्या नावाची नोंद स्वतःकडच्या टर्मिन्फो संग्रहात शोधतो. किटीसारखे नवे ॲप आणि चार-पाच वर्षे अपडेट न झालेला सर्व्हर एकत्र आले की नोंद सापडत नाही. मग टीमक्स उघडत नाही आणि लेस 'टर्मिनल पूर्ण कार्यक्षम नाही' म्हणून कुरकुरते.

तातडीचा उपाय, दहा सेकंद: 'एक्सपोर्ट टर्म' (टर्म मोठ्या अक्षरांत), बरोबरचे चिन्ह, 'एक्सटर्म वजा २५६ कलर', सगळे न तोडता सलग. त्या सत्रापुरते काम भागते.

पक्का उपाय, दोन मिनिटे, तुमच्या मशीनवरून: 'इन्फोसीएमपी वजा एक्स', मग उभी रेघ, मग 'एसएसएच', सर्व्हरचे नाव, 'टिक वजा एक्स वजा'. शेवटचे वजा सुटे, एकटे. टिक म्हणजे टी, आय, सी. तुमच्या टर्मिनलची नोंद सर्व्हरवरच्या तुमच्या खात्यात जाऊन बसते. सुडो लागत नाही, म्हणजे प्रशासकाला विनवावे लागत नाही. प्रशासक तुम्हीच असाल आणि सर्व्हर डेबियन-उबुंटू असेल तर 'एनकर्सेस-टर्म' हे पॅकेज बसवा. पुष्कळ कमी प्रचलित टर्मिनलांच्या नोंदी एकदम मिळतात.

सापळा: बरेच जण सुचवतात तशी एक्सपोर्टची ओळ डॉट बॅशआरसीमध्ये कायमची टाकू नका. टीमक्सच्या आत टर्म वेगळे असावे लागते. तुम्ही खोटे नाव लादले की रंग आणि कळा तिथे चुकू लागतात आणि महिन्याभराने कारण आठवत नाही.

पुट्टीत रंग फिके किंवा मोजकेच दिसतात? 'कनेक्शन', 'डेटा' इथे नाव नुसते एक्सटर्म असते. त्याला 'वजा २५६ कलर' जोडा. मग 'सेशन'मध्ये परत जाऊन नाव निवडा आणि 'सेव्ह' दाबा. ही शेवटची पायरी विसरलात तर उद्या पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

मराठी अक्षरे: फाइल पुसण्याआधी हे वाचा

मराठी नावाच्या फायली विचित्र दिसल्या की लोक त्या खराब झाल्या असे समजून पुसतात किंवा नावे बदलतात. थांबा. लक्षण पाहा, दोष कुठे ते लगेच कळते.

प्रश्नचिन्हे किंवा अवतरणात तिरक्या रेघा आणि आकडे दिसतात: दोष सर्व्हरच्या लोकेलमध्ये, म्हणजे भाषा आणि अक्षरसंकेताच्या सेटिंगमध्ये. देवनागरीचे प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये तीन बाइट घेते. 'म'च्या जागी तुम्हाला ३४०, २४४, २५६ दिसेल. फाइल शाबूत आहे. सर्व्हरला फक्त ती कशी वाचायची ते सांगितलेले नाही.

युरोपीय अक्षरे, त्यांत डोक्यावर तिरकी रेघ असलेला ए वारंवार: दोष तुमच्या खिडकीत. पुट्टीत 'विंडो', 'ट्रान्सलेशन' इथे यूटीएफ-८ निवडा आणि सेव्ह करा.

रिकामे चौकोन: तुमच्या मशीनवर देवनागरीचा फॉन्ट नाही, किंवा ॲप तो उचलत नाही. फॉन्ट बदला. सर्व्हरला हात लावू नका.

अक्षरे बरोबर, पण वेलांटी बाजूला पडलेली, जोडाक्षर फुटलेले: टर्मिनल पडद्याच्या सारख्या मापाच्या खणांत अक्षर बसवते, आणि 'क्ष्म्या' एका खणात मावत नाही. हा दोष सर्व्हरवर सुधारता येत नाही. दुसरे ॲप वापरून पाहा किंवा फाइल आपल्या मशीनवर उतरवून वाचा.

लोकेल दुरुस्त करायला पाच मिनिटे. 'लोकेल' द्या. लँग रिकामे, सी किंवा पॉझिक्स दिसले तर 'एक्सपोर्ट लँग' (मोठ्या अक्षरांत), बरोबरचे चिन्ह, मग मोठा सी, पूर्णविराम, यूटीएफ-८ मोठ्या अक्षरांत. एलसी-ऑल आधीच ठरवलेले असेल तर तेच वरचढ ठरते. ते 'अनसेट' करा. मराठी लोकेल खास बसवायची गरज बहुधा नसते. अक्षरे दिसण्यासाठी यूटीएफ-८ पुरते. शिवाय एरर संदेश इंग्रजीत राहिले तर शोधायला आणि मदत मागायला सोपे जाते. वर्णानुक्रम किंवा तारखा मराठीत हव्याच असतील तर उबुंटूवर 'सुडो लोकेल-जेन' आणि पुढे मराठी लोकेलचे नाव. मग लॉगआउट, पुन्हा लॉगिन. शेअर्ड होस्टिंगवर सुडो मिळत नाही. तिथे सपोर्टला विनंती करा. त्यासाठी वेगळे पैसे देऊ नका.

मॅकवरून लॉगिन केल्यावर लोकेलच्या तक्रारींची रांग लागते? मॅकचे टर्मिनल स्वतःचे लोकेल पुढे पाठवते आणि लिनक्सला ते नाव कळत नाही. टर्मिनलच्या सेटिंगमध्ये 'प्रोफाइल्स', 'ॲडव्हान्स्ड', तिथली लोकेल पाठवण्याची खूण काढा.

गिटमध्ये मराठी फाइलनावांचे आकडे होतात? ते लोकेलमुळे नाही. 'गिट कॉन्फिग', मग दोन वजा जोडून 'ग्लोबल', मग 'कोअर डॉट कोटपाथ फॉल्स'. एकदाच.

पडदा गोठतो, कनेक्शन तुटते

कंट्रोल-क्यूनेही हलले नाही तर कनेक्शन मेले आहे. खिडकी मारायची गरज नाही: एंटर, मग ~, मग पूर्णविराम. तीन कळा, तुमची बाजू सुटते. एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर गेला असाल आणि आतलेच कनेक्शन तोडायचे असेल तर ~ दोनदा.

दहा-पंधरा मिनिटे हात न लावता ठेवले की तुटत असेल, तर बहुधा मधला राउटर शांत कनेक्शन विसरतो. तुमच्या मशीनवरच्या एसएसएचच्या कॉन्फिग फाइलमध्ये 'सर्व्हर-अलाइव्ह-इंटरव्हल ६०' ही ओळ टाका; तिन्ही शब्द जोडून, प्रत्येकाचे पहिले अक्षर मोठे. पुट्टीत 'कनेक्शन'मध्ये कीपअलाइव्हचे सेकंद शून्य असतात, ६० करा.

लांबणारे काम नेहमी टीमक्समध्ये सुरू करा. कनेक्शन तुटले तरी काम चालू राहते. नंतर 'टीमक्स अटॅच'.

टाइप केलेले अक्षर उशिरा उमटते? सर्व्हर अमेरिकेत असेल तर महाराष्ट्रातून जाऊन-येऊन साधारण २०० मिलिसेकंद किंवा जास्तच लागतात. हा पडद्याचा दोष नव्हे. मॉश हे मोफत साधन अक्षर आधी तुमच्याकडेच दाखवते आणि नेटवर्क बदलले तरी टिकते. अट: दोन्हीकडे बसवलेले हवे, लोकेल यूटीएफ-८ हवे, आणि सर्व्हरच्या फायरवॉलमध्ये यूडीपीचे ६०००० ते ६१००० यांतले पोर्ट उघडे हवेत. ऑफिसच्या नेटवर्कवर यूडीपी अडवलेले असेल तर ते चालणार नाही, बसवण्याआधी विचारा.

लपलेले खर्च

*विकत घेतलेले टर्मिनल.* विंडोज १० च्या एप्रिल २०१८ च्या अपडेटपासून एसएसएच विंडोजमध्येच मिळते. विंडोज टर्मिनल मोफत, पुट्टी मोफत, मॅक आणि लिनक्सवर तर सगळे आधीपासून. पैसे भरून पडदा सुधारत नाही, कारण बहुतेक दोष सेटिंगचे असतात. तरीही परदेशी सदस्यता घेतलीच, तर हिशेब असा: १,००० रुपयांच्या दरावर १८ टक्के जीएसटी लागला तर १,१८०. कार्डाचे परकीय चलन शुल्क ३.५ टक्के असेल तर ४१ रुपये ३० पैसे, त्यावर पुन्हा जीएसटी ७ रुपये ४३ पैसे. हातात पडते सुमारे १,२२९ चे बिल. आपोआप नूतनीकरण होत असेल तर पैसे कापण्याच्या किमान २४ तास आधी सूचना यायला हवी; ती वाचा, आणि नको असेल तर तेव्हाच रद्द करा.

*सर्व्हर बंद-चालू करणे.* पडद्यासाठी हे कधीही करू नका. ॲमेझॉनच्या ईसीटू सर्व्हरवर रीबूट केल्यास सार्वजनिक पत्ता टिकतो. पण 'स्टॉप' करून 'स्टार्ट' केले आणि राखीव पत्ता घेतलेला नसेल तर पत्ता बदलतो, आणि वेबसाइटचे डीएनएस जुन्याच पत्त्याकडे बोट दाखवत राहते. राखीव पत्ता फुकट नाही: १ फेब्रुवारी २०२४ पासून तिथे प्रत्येक सार्वजनिक आयपीव्ही-४ पत्त्याला तासाला ०.००५ डॉलर पडतात, म्हणजे ३० दिवसांचे ३.६० डॉलर, वापरा किंवा ठेवून द्या.

*स्नॅपशॉट.* 'दुरुस्तीआधी बॅकअप घेऊ' म्हणून घेतलेला स्नॅपशॉट बहुतेक पुरवठादारांकडे जीबीनुसार दरमहा आकारला जातो आणि तुम्ही पुसेपर्यंत चालू राहतो. पडद्याच्या तक्रारीसाठी त्याची गरज नाही. घेतला असेल तर पुसायची तारीख कॅलेंडरमध्ये टाका.

*बनावट डाउनलोड.* शोधात सर्वांत वर येणारा पुट्टीचा दुवा जाहिरात असू शकतो, आणि पुट्टीच्या नावाने पासवर्ड चोरणाऱ्या आवृत्त्या याआधी पसरल्या आहेत. तिचे मूळ कर्ते सायमन टॅथम यांच्या संकेतस्थळावरून किंवा मायक्रोसॉफ्ट स्टोअरवरूनच घ्या. पैसे मागितले तर ती पुट्टी नव्हे.

*'मी लगेच करून देतो' म्हणणारा.* त्याला तुमचा पासवर्ड, की-फाइल किंवा रिमोट डेस्कटॉप हवा असतो. वरचा कोणताही उपाय तो फोनवरून सांगू शकतो. टाइप तुम्ही करा. की-फाइल एकदा बाहेर गेली की ती बाद धरा, नवी जोडी बनवा, जुनी सर्व्हरवरून काढा. खात्यातून पैसे गेले असतील तर वेळ न दवडता १९३० या सायबर गुन्ह्यांच्या हेल्पलाइनवर कळवा.

हे शॉर्टकट टाळा

महाजालावरची न कळणारी ओळ सुडोसह पेस्ट करू नका. या लेखातल्या पडद्याच्या उपायांपैकी लोकेल बनवणे आणि पॅकेज बसवणे सोडले तर कशालाही सुडो लागत नाही. कुणी सांगितलेल्या ओळीत ते असेल तर कारण विचारा. डॉट बॅशआरसी बदलण्याआधी तिची प्रत काढा. बदलल्यावर जुनी खिडकी उघडी ठेवून दुसऱ्या खिडकीतून लॉगिन करून पाहा. नवे लॉगिन अडकलेच तर जुन्या खिडकीतून मागे फिरता येते. आणि एका वेळी एकच बदल करा, नाहीतर कशाने सुधारले ते कळत नाही.

सपोर्टला लिहायचे असेल तर

पंधरा मिनिटांत सुटले नाही तर लिहा. सोबत द्या: ॲपचे नाव व आवृत्ती, टर्मची किंमत, 'लोकेल' आणि 'एसटीटीवाय वजा ए' यांचे उत्तर, एक स्क्रीनशॉट, आणि दुसऱ्या खिडकीत काय दिसते ते एका वाक्यात. देऊ नका: पासवर्ड, की-फाइल, सार्वजनिक आयपी दिसणारा किंवा मागे ग्राहकांची यादी उघडी असलेला स्क्रीनशॉट. एवढी माहिती पहिल्याच पत्रात गेली की उलटसुलट चौकशीचे दोन दिवस वाचतात. प्रतितक्रार शुल्क घेणारी योजना असेल तर तिकीट उघडण्याआधी शुल्क लेखी विचारा.

शेवटी एक चिठ्ठी मॉनिटरला चिकटवा, कारण पडदा बिघडल्यावर हा लेख उघडायला तोच पडदा लागेल: कंट्रोल-क्यू. कंट्रोल-एल. एसटीटीवाय सेन. रीसेट. खिडकी बंद करू नका.